राहिलेला अर्धा डाव

आईबाप सोडले तर मी सर्वांत जास्त कोणाचा ऋणी असेन, तर उरकुडे सरांचा. हे वाक्य मी शिक्षकदिनाच्या भाषणांत तीनदा बोललो आहे. त्यांच्यासमोर एकदाही नाही, कारण त्या कार्यक्रमाला ते यायचेच नाहीत. हॉलमध्ये आमची भाषणं चालायची तेव्हा ते मैदानावर फक्की मारत असायचे. फक्की म्हणजे रेषा आखायची चुन्याची भुकटी. ती त्यांच्या भुवयांवर, कानांवर आणि पँटच्या मोहरीवर बारा महिने असायची. माझ्या बहिणीच्या लग्नात ते जेवायला आले, तेव्हा आईने मला हळूच विचारलं, "तुहे सर पीठगिरणी चालवते का?"

लग्नाच्या मांडवातही त्यांच्या पायात काळे कॅनव्हासचे बूट होते आणि गळ्यात शिट्टी. ती शिट्टी मी कधी वाजलेली ऐकली नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "ज्याचा आवाज पोचत नाई त्यानं वाजवाची." खांद्यावर गाठी मारलेली दोरी असायची, पळणारा खेळाडू जिथे थांबतो त्या दोन बेसमधलं अंतर मोजायची. जेवण झाल्यावर त्यांनी ती मांडवात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धरून पाहिली आणि माझ्या बापाला सांगितलं की मांडव छोटा पडला, इथं पहिला बेससुद्धा बसत नाही. बापाला काही कळलं नाही. त्याने हात जोडले.

सर आमच्या शाळेत पीटी शिकवायचे. शाळा एका खाजगी संस्थेची, कोरपन्याच्या पुढे, सिमेंटच्या कारखान्यांच्या पट्ट्यात. कापसाच्या शेतांवरसुद्धा राखाडी थर बसतो असा तो भाग. तिथे या माणसाने बेसबॉल आणला. कोणी पाहिलेला नाही, टीव्हीवर दिसत नाही, गावात ज्याचं नाव घेतलं तर लोक हसतात असा खेळ. आमच्याकडे कबड्डीला पोरं रग्गड, क्रिकेटला तर विचारू नका. सरांचं म्हणणं सरळ होतं. "जिथं गर्दी हाय तिथं आपल्याले कोण जागा देते? जिथं कोणी नाई तिथं जाऊन उभं राहाचं."

पहिल्या बॅटी त्यांनी गावातल्या सुताराकडून धावड्याच्या लाकडाच्या करून घेतल्या. कुऱ्हाडीचा दांडा ज्याचा करतात ते लाकूड. सुताराने आयुष्यभर मुसळं केली होती, म्हणून बॅटीही मुसळासारख्या झाल्या. पहिल्यांदा चंद्रपूरला खेळायला निघालो तर एसटीचा कंडक्टर म्हणाला, लगन कोणाच्या घरी हाय. आम्ही खाली माना घातल्या. सर म्हणाले, "तिकीट काढ, बापू. हळद चंद्रपूरले हाय."

आणि त्यांचा पाट. बॅट घेऊन खेळाडू ज्याच्याजवळ उभा राहतो आणि सगळे बेस फिरून पुन्हा जिथे येतो, त्या पाच कोपऱ्यांच्या पट्टीला होम प्लेट म्हणतात. सरांनी ती कोळसा वाहणाऱ्या जुन्या रबरी पट्ट्यातून करवतीने कापली होती आणि पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवली होती. त्याला ते पाट म्हणायचे. कुठेही स्पर्धा असली, तिथे चांगली प्लेट असली, तरी आमचा पाट सायकलच्या कॅरिअरवर, नाहीतर बसमध्ये त्यांच्या मांडीवर असायचा. मॅचआधी तो खिळ्यांनी ठोकायचे, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसायचे आणि मॅच संपली की उपटून घ्यायचे.

आम्हाला ते नावाने हाक मारत नसत. गावाने मारत. मी वनसडीचा, म्हणून मी "ए वनसडी." पाट ठोकायच्या खिळ्यांचा डबा सांभाळणारा "ए नांदा." माझ्यानंतर आठ-दहा वर्षांनी जिवतीच्या पहाडावरून पायल नावाची एक मुलगी आली. तिच्या गुड्याचं, म्हणजे पाड्याचं, नाव लांबलचक होतं म्हणून ती नुसतीच "ए पहाड." कौतुक त्यांना येत नव्हतं. चांगला झेल घेतला तर "हं, आता पुढचा." झेल सुटला तर "बॉल कोणाचा सोयरा नाई." हरून आलो की बसमधून उतरताना ते दाराशी उभे राहायचे आणि प्रत्येकाला विचारायचे, काय झालं. त्यावर एकच उत्तर चालायचं. हरलो. पंच वाईट होता, ऊन होतं, त्यांची पोरं मोठी होती, यातलं काही चाललं नाही. "हरलो म्हण. हरवलं म्हणू नको."

पण सरांची खरी ओळख त्यांच्या अर्जांतून व्हायची.

सरावाला जो गैरहजर राहील त्याने दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज द्यायचा. प्रति, विषय, महोदय, सगळं रीतसर. सर तो उभ्याउभ्या वाचायचे आणि कारण पटलं नाही तर लाल पेनाने खाली एकच ओळ लिहून परत द्यायचे: कारण खरं लिही. एका मुलाच्या मामाचं एका वर्षात चारदा लग्न झालं. चौथ्या अर्जावर सरांनी मामाला शुभेच्छा लिहिल्या आणि खाली तीच ओळ. शेवटी त्याने लिहिलं, काल घरी मटण होतं, जास्त खाल्लं, पळवत नव्हतं. त्यावर शेरा आला, मंजूर.

मी दहावीत आठ दिवस गैरहजर होतो. पहिल्या अर्जात ताप लिहिला. परत आला. दुसऱ्यात आईचं आजारपण लिहिलं. परत आला. तिसरा लिहायला मला दोन दिवस लागले. त्यात लिहिलं, की बापासोबत रेल्वे सायडिंगवर सिमेंटची पोती भरायला जात होतो आणि शाळेतल्या कोणी ओळखू नये म्हणून तोंडाला दुपट्टा बांधत होतो. सरांनी तो वाचला, नेहमीपेक्षा जास्त वेळ वाचला आणि लिहिलं: मंजूर. दुपट्टा सोड.

राज्यस्तरावर खेळल्याचे वाढीव गुण मिळाले नसते तर मी गणितात नापास होतो. पण मी पदवीधर झालो तो त्या गुणांमुळे नव्हे, असं मला वाटतं. मला मराठी वाक्य लिहिता आलं ते त्या अर्जांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं दार पाहिलं नव्हतं. बाप अंगठा उठवायचा. चंद्रपूरला बी.ए. करताना परीक्षेत उत्तर लिहिताना मी मनात विचारायचो, याच्याखाली सर काय लिहितील.

पदवी मिळाली आणि संस्थेच्या कार्यालयात लिपिकाची जागा निघाली. सर आणि संस्थेचे सचिव एकमेकांशी बोलत नसत. मैदान मागून मागून सरांनी त्यांना नकोसं केलं होतं. तरी माझ्यासाठी ते कार्यालयात गेले. सचिवांनी बसा म्हटलं, ते बसले नाहीत. टेबलापुढे उभे राहून एवढंच म्हणाले, "हा पोरगा खोटं लिहत नाई. घ्या त्याले." आणि निघून आले. जमिनीवर बुटांचे पांढरे ठसे राहिले होते. ते पुसायला मीच फडकं आणलं. दुसऱ्या आठवड्यात मला परिविक्षेवरची ऑर्डर मिळाली, म्हणजे काम पाहून मग कायम करायची.

आता मैदानाबद्दल. आमच्या शाळेला मैदान नव्हतं, बाजाराची जागा होती. मंगळवारी तिथे आठवडी बाजार भरायचा. बुधवारी आम्ही सडकी वांगी आणि टमाटे वेचून मग सराव करायचो. दुसऱ्या बेसवर बकऱ्या बसलेल्या असायच्या. अशा जागेवर बाहेरचा संघ कोण आणणार? म्हणून वीस वर्षं आमचा प्रत्येक सामना दुसऱ्याच्या गावात झाला. चंद्रपूर, नागपूर, वर्धा, जळगाव. आमच्या आईबापांनी आम्हाला खेळताना कधी पाहिलंच नाही.

बेसबॉलमध्ये एका डावाचे दोन भाग असतात. पहिल्या अर्ध्यात पाहुणे बॅटिंग करतात, दुसऱ्या अर्ध्यात यजमान. म्हणजे ज्यांचं मैदान, त्यांच्या हातात शेवटची संधी. बाहेरच्या स्पर्धांत ते नाणं उडवून ठरतं. सरांना ते आवडत नसे. ते म्हणायचे, "टॉसनं भेटलेला शेवटचा डाव येगळा अन् हक्काचा येगळा. एक डाव आपल्या जमिनीवर, आपल्या लोकाईसमोर, शेवटी आपण. मंग मी रिटायर व्हायले मोकळा." हे ते पोरांना दरवर्षी सांगायचे. मलाही सांगितलं होतं. तेव्हा मी तिसऱ्या बेसवर होतो आणि माझ्या पायाखाली वांग्याचं देठ होतं.

ते निवृत्त व्हायला तीन महिने उरले होते तेव्हा संस्थेचं मैदान तयार झालं. लोखंडी फाटक, पायऱ्यांची गॅलरी, पक्कं व्यासपीठ. उद्घाटनाला नागपूरच्या मुलींचा संघ बोलवायचा आणि आमच्या मुलींशी सामना ठेवायचा, असं ठरलं. सरांनी मागितलेली ही एकच गोष्ट संस्थेने मान्य केली, तीही अध्यक्षांना वर्तमानपत्रासाठी काहीतरी वेगळं हवं होतं म्हणून. निमंत्रणपत्रिका, खुर्च्यांची यादी, माइक आणि स्कोअरची वही, हे सगळं माझ्याकडे आलं. स्कोअर लिहायला सरांनीच मला शिकवलं होतं.

त्या दिवशी मी सकाळी सातला पोचलो तर सर अर्धं मैदान आखून बसले होते. पाट ठोकलेला होता. त्यांनी नवा पांढरा रंग दिला होता त्याला. मला पाहून म्हणाले, "वनसडी, तुह्या बापाले आणलं का?" मी म्हटलं, येत आहेत, आईपण. ते म्हणाले, "गॅलरीत वरच्या पायरीवर बसव. तिथून बॉल कुठी जाते ते दिसते." मग पुन्हा वाकले. इतकं लांब वाक्य ते माझ्याशी कित्येक वर्षांत बोलले नव्हते.

सामना नऊला होता. अध्यक्ष आणि व्यासपीठावरचे पाहुणे साडेअकराला आले. त्यांच्या गाड्या फाटकातून थेट मैदानात शिरल्या आणि डाव्या बाजूच्या रेषेवरून जाऊन उभ्या राहिल्या. सरांनी फक्कीचा डबा उचलला आणि गाड्यांच्या चाकांमधून वाकून ती रेषा पुन्हा आखली. गॅलरीतले लोक हसले. एक ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, टायर रंगवता का आता?" सर म्हणाले, "तू गाडी हटव, मी टायरबी पुसून देतो." गाडी हटली नाही.

मग भाषणं झाली. सात डावांचा सामना पाच डावांचा ठरला. मुली उन्हात रांगेत उभ्या होत्या. मी व्यासपीठावर शेवटच्या खुर्चीवर होतो, समोर वही, बाजूला माइक. सचिव भाषणात म्हणाले की संस्थेने घडवलेला एक विद्यार्थी आज संस्थेतच काम करतो, तो पाहा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाप वरच्या पायरीवर बसला होता. चौदा एप्रिललाच बाहेर निघणारा पांढरा शर्ट त्याने फेब्रुवारीत घातला होता.

सामना चांगला झाला. हे मला लिहिलंच पाहिजे, कारण नंतर त्याबद्दल कोणी बोललं नाही. ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नव्हता त्या बाया तिसऱ्या डावात ओरडायला लागल्या होत्या. पायलने दोनदा असा फटका मारला की बॉल गाड्यांच्या पलीकडे गेला. पहाडावरून तिचे आईवडील आले होते. आई पहिल्या वेळी घाबरून उभी राहिली होती, कोणाची काच फुटली की काय म्हणून. पाचव्या डावाचा पहिला अर्धा भाग संपला तेव्हा नागपूर चार, आम्ही तीन. आता आमची बॅटिंग. शेवटचा अर्धा डाव, हक्काचा. पहिली बॅट पायलची. ती पाटाजवळ जाऊन उभी राहिली. सर तिसऱ्या बेसच्या बाहेर गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. मी त्यांच्या चेहऱ्यावर तसा भाव कधी पाहिला नव्हता. कसा ते मला सांगता येणार नाही. एवढंच सांगतो की ते गॅलरीकडे बघत होते, मैदानाकडे नाही.

सचिव माझ्याकडे वाकले. अध्यक्षांना पुढच्या कार्यक्रमाला निघायचं होतं. "झालं ना आता? निकाल सांगून टाक, बक्षीस उरकू."

मी म्हणालो, "सर, आणखी थोडं आहे."

ते म्हणाले, "थोडंच आहे ना? मग संपव."

मी माइक घेतला. माझा आवाज स्वच्छ आला. मी सांगितलं की अटीतटीच्या लढतीत नागपूरचा संघ चार विरुद्ध तीन असा विजयी झाला आहे आणि दोन्ही संघांनी बक्षीस वितरणासाठी व्यासपीठासमोर यावं. नागपूरच्या मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांच्या बाई पुढे आल्या आणि आम्ही थांबतो, खेळू द्या, असं काहीतरी म्हणाल्या, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि हार निघाले होते. पायल पाटाजवळच उभी होती, बॅट खांद्यावर. तिने सरांना विचारलं, ते मला व्यासपीठावरून ऐकू आलं, कारण सर तिसऱ्या बेसपाशी होते आणि तिला ओरडून विचारावं लागलं.

"सर, माझा नंबर नाही का आता?"

सरांनी तिला काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही.

स्कोअरच्या वहीत प्रत्येक अर्ध्या डावाची एक चौकट असते. शेवटच्या चौकटीचा एक नियम आहे. यजमान संघ आधीच पुढे असेल तर त्याला शेवटचा अर्धा डाव खेळायची गरज नसते. मग त्या चौकटीत फुली मारतात. फुलीचा अर्थ, गरज पडली नाही. मी पेन उचललं आणि आमच्या शेवटच्या चौकटीत फुली मारली. वही पूर्ण दिसली पाहिजे, कोणी विचारू नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. खाली सही केली.

बक्षिसं झाली. फोटो झाले. पाहुणे जेवायला गेले. तेव्हा सर व्यासपीठाच्या पायऱ्या चढून वर आले. त्या दिवशी ते पहिल्यांदा वर आले. त्यांनी हात पुढे केला. मी वही दिली. त्यांनी ती उभ्याउभ्या वाचली, माझे अर्ज वाचायचे तशी. बोट चौकटीवरून चौकटीवर नेत शेवटच्या चौकटीवर थांबवलं. तिथे चुन्याचा एक ठिपका उमटला.

"वनसडी," ते म्हणाले, "आपण पुढं होतो का?"

मी पेनाला टोपण लावलं.

त्यांनी वही मिटून माझ्यासमोर ठेवली आणि खाली उतरले. मग मैदानात जाऊन, गुडघे टेकून, त्यांनी पाटाचे खिळे एकेक करून उपटले. नवी जमीन कडक होती, वेळ लागला. मुली भोवती उभ्या होत्या. एकीने विचारलं, की गावात कोणी विचारलं तर आज काय सांगायचं. हा प्रश्न विचारायची गरज कधी पडत नसे, उत्तर ठरलेलं होतं. सरांनी हातातला खिळा डब्यात टाकला आणि ते म्हणाले, "मले नाई सुचून राह्यलं, पोरीहो." पाट दुपट्ट्याने पुसून त्यांनी सायकलला बांधला आणि फाटकातून निघून गेले. बाप वरच्या पायरीवरून खाली आला. त्याचा चेहरा फुलला होता. तो म्हणाला, "माइकवर तुहा आवाज लय मोठा लागते रे." मग त्याने विचारलं, "मास्तर काऊन गेले? जेवले नाई का?"

एप्रिलमध्ये सर निवृत्त झाले. निरोप समारंभ घेतला नाही. सिंदेवाहीकडे त्यांचं गाव आहे, तिथे गेले. जूनमध्ये माझी कायम झाल्याची ऑर्डर निघाली. मैदान आता लग्नांना आणि मेळाव्यांना देतात. तारखांची वही माझ्याकडेच असते. नवीन पीटीचे सर कवायत चांगली घेतात. बेसबॉल बंद आहे. पायलने शाळा सोडली असं ऐकलं. ती का येत नाही याचा अर्ज आता कोणी मागत नाही.

मी सरांना पत्र लिहिलं. त्यात लिहिलं की वरिष्ठांचा तोंडी आदेश होता, माझा नाइलाज होता. आठ दिवसांत ते परत आलं. माझंच पत्र, नव्या पाकिटात. खाली लाल पेनाने तीच ओळ. मग दुसरं लिहिलं. त्यात परिविक्षा, बापाचं गेलेलं गुडघ्याचं हाड, धाकट्या भावाचं शिक्षण, सगळं लिहिलं. त्यातलं एकही खोटं नव्हतं. तेही परत आलं. तीच ओळ.

तिसरं पाठवून पाच महिने झाले. कार्यालयाचं टपाल रोज मीच उघडतो. ते परत आलेलं नाही, आणि मंजूर असंही काही आलेलं नाही. त्याची नक्कल माझ्याकडे आहे, ती खाली देतो.

प्रति,
मा. उरकुडे सर

विषय: मैदानाच्या पहिल्या सामन्याला गैरहजर राहिल्याबाबत

महोदय,

मी त्या दिवशी सकाळी सातपासून मैदानावर होतो, तरी गैरहजर होतो. त्याचं कारण पुढीलप्रमाणे.

व्यासपीठावरच्या खुर्च्यांची यादी मी केली होती. शेवटच्या खुर्चीवर मी तुमचं नाव लिहिलं होतं. सचिवांनी यादी पाहून विचारलं, हे काय आहे. त्यांनी काढ म्हटलं नव्हतं, फक्त विचारलं होतं. मी म्हणालो, चुकून पडलं, आणि माझ्या हाताने खोडलं. मग ते म्हणाले, तिथे तूच बस. मी बसलो.

खुर्चीला पांढरं कापड होतं. वरच्या पायरीवर बाप शेजारच्या माणसाला माझ्याकडे बोट करून दाखवत होता. तो माणूस मान वळवून मला पाहत होता. आमच्या घरातल्या कोणाकडे कधी कोणी असं पाहिलं नव्हतं. मला ते आवडलं. सर, मला फार आवडलं.

शेवटचा अर्धा डाव बाकी आहे, हे सचिवांना माझ्याइतकं कोणालाच नीट सांगता आलं नसतं. नियम वहीच्या पहिल्या पानावर छापलेला आहे. पण ते सांगायला उभं राहावं लागलं असतं आणि उभं राहिलं की मी तुमच्या बाजूचा झालो असतो. मला खुर्चीवरून उठायचं नव्हतं. नोकरीची भीती मला नंतर, घरी गेल्यावर वाटली. माइक घेतला त्या क्षणी भीती नव्हती. मी फक्त बसून राहिलो.

आपण पुढे नव्हतो. एकने मागे होतो. फुली खोटी आहे. ती मी ब्लेडने खरडून काढायला गेलो तर कागद फाटला. आता त्या चौकटीत भोक आहे आणि खाली माझी सही आहे. तुमच्या बोटाचा चुना मात्र अजून आहे, तो मी पुसला नाही.

हा अर्ज मंजूर करावा अशी विनंती नाही. पायलचा पत्ता तुमच्याकडे असेल तर तिला एकदा वाचून दाखवावा. त्या दिवशी तिचा नंबर होता.

आपला,
वनसडी